बोलण्याआधीचे लेखन: थेट कॅप्शनिंगच्या पूर्वतयारीचा इतिहास

'लेखक' हा शब्द आज उच्चारला की स्वतःच्या प्रतिभेने काही रचणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. जुन्या मराठीत तसे नव्हते. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ चा निर्देश आहे आणि सच्चिदानंदबाबा आदराने लेखक झाले असे तेथे सांगितले आहे. तेथील लेखक म्हणजे दुसऱ्याचे बोलणे अक्षरांत उतरवून घेणारा. महाभारताच्या आरंभी येणारी व्यास-गणेशाची कथाही अशाच लेखकाची आहे. लेखणी क्षणभरही थांबता कामा नये, अशी अट गणेशाने घातली. अर्थ कळल्यावाचून काहीही लिहू नये, अशी उलट अट व्यासांनी घातली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीने ही कथा प्रक्षिप्त ठरवून मूळ संहितेबाहेर ठेवली आहे. तथापि ज्या कोणा अनामिकाने ती रचली त्याला ह्या व्यवसायाचे मर्म ठाऊक होते, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. पहिली अट हाताची आहे, दुसरी बुद्धीची. श्रुतलेखनाचा इतिहास सांगणाऱ्यांनी पहिल्या अटीचे कौतुक फार केले, दुसरीकडे मात्र त्यांचे दुर्लक्ष झाले.

वक्ता बोलत असतानाच त्याचे शब्द दोनतीन सेकंदांत पडद्यावर उमटवण्याच्या कामाला आज थेट कॅप्शनिंग म्हणतात. ज्यांना ऐकू येत नाही अथवा कमी ऐकू येते, त्यांच्यासाठी ते मुख्यतः केले जाते. दूरचित्रवाणीवरील बातम्या, संसदेतील चर्चा, न्यायालये, परिषदा आणि विद्यापीठांतील वर्ग ही त्याची क्षेत्रे. पाहणाऱ्याला त्यात आश्चर्य वाटते ते वेगाचे. आमचे म्हणणे असे की, वेग हा ह्या कामाचा दर्शनी भाग आहे. काम बरे होईल की वाईट, हे बहुतांशी वक्त्याने तोंड उघडण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. असे का झाले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

प्लुटार्कने धाकट्या केटोच्या चरित्रात एक हकीकत नोंदवली आहे. इ. स. पू. ६३ मध्ये कॅटिलाइनच्या कटातील लोकांना काय शिक्षा द्यावी ह्यावर रोमन सिनेटमध्ये वाद झाला. त्या दिवशीचे केटोचे भाषण तेवढे टिकून राहिले, आणि त्याचे कारण असे की, कॉन्सल असलेल्या सिसेरोने चपळ हाताच्या लेखकांना थोडक्या रेघांत पुष्कळ अक्षरांचे काम करणाऱ्या खुणा आधीच शिकवून ठेवल्या होत्या आणि त्यांना सभागृहात निरनिराळ्या ठिकाणी बसवले होते. सिसेरोचा मुक्त दास टायरो ह्याच्या नावाने ओळखली जाणारी चिन्हपद्धती पुढे अनेक शतके युरोपात चालली. ह्या हकीकतीत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. खुणा आधी शिकवल्या होत्या, आणि माणसे कोठे बसतील ह्याचाही विचार झाला होता. लघुलेखनाच्या ज्ञात इतिहासाचा आरंभच असा पूर्वतयारीने होतो.

पण खुणा करणे हे अर्धेच काम. त्या खुणांची पुन्हा अक्षरे करायची असतात, आणि त्यासाठी किल्ली हाताशी लागते. सॅम्युअल पीप्सची रोजनिशी ह्याचे बोलके उदाहरण आहे. १६६० ते १६६९ ह्या काळात पीप्सने ती थॉमस शेल्टनच्या लघुलिपीत लिहिली. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस केंब्रिजच्या जॉन स्मिथने ती उलगडण्यास घेतली आणि ह्या कामी त्याची सुमारे तीन वर्षे खर्ची पडली. शेल्टनच्या पद्धतीचे पुस्तक पीप्सच्याच ग्रंथसंग्रहात, त्याच रोजनिशीच्या शेजारी म्हणावे इतक्या जवळ होते. स्मिथला त्याचा पत्ता नव्हता. साधन असणे वेगळे आणि ते वेळेवर सापडणे वेगळे. व्यवस्थितपणाचे महत्त्व सांगणारी ह्याहून चांगली गोष्ट आम्हांस ठाऊक नाही.

इंग्लंडच्या संसदेतील भाषणांचा इतिहास ह्याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. १७४० च्या दशकाच्या आरंभी 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये संसदेतील चर्चांचे वृत्तान्त येत. कायद्याचा बडगा टाळण्यासाठी त्यांना लिलिपुटच्या सिनेटमधील वादविवादांचे रूप दिलेले असे. त्यांतील कित्येक भाषणे सॅम्युअल जॉन्सनने लिहिली. तो सभागृहात बसत नसे. कोण बोलले, कोणत्या क्रमाने बोलले आणि साधारण कोणत्या बाजूने बोलले एवढी माहिती त्याच्याकडे येई, आणि भाषणे तो स्वतः घडवी. लोक ती खरी मानतात हे कळल्यावर त्याने हे काम सोडले. ऐकण्याचा भाग जवळजवळ शून्य, नंतरच्या रचनेचा भाग जवळजवळ संपूर्ण, असे हे टोक.

डिकन्सपर्यंत येता येता हे प्रमाण पालटले. गर्नी घराण्याची 'ब्रॅकिग्राफी' ही पद्धत त्याने कष्टाने आत्मसात केली आणि १८३० च्या सुमारास न्यायालयांत व पुढे संसदेच्या गॅलरीत वार्ताहराचे काम केले. 'डेव्हिड कॉपरफील्ड'च्या वाचकांना त्या उमेदवारीचे चित्र परिचित असेल. तेथे डेव्हिड घरातल्या मंडळींना विरोधी पक्ष आणि मंत्रिमंडळ बनवून बसवतो, ट्रॅडल्स छापील भाषणे मोठ्याने वाचतो आणि डेव्हिड ती उतरवून घेतो. वेग हळूहळू वाढतो, पण लिहिलेले परत वाचता येत नाही! १८६५ मध्ये वृत्तपत्र व्यावसायिकांच्या मदतनिधीच्या मेजवानीत बोलताना खुद्द डिकन्सने त्या दिवसांची आठवण सांगितली होती. रात्री धावत्या घोडागाडीत, हाताच्या तळव्यावर कागद ठेवून, कंदिलाच्या उजेडात तो आपली टिपणे छापखान्यासाठी उतरवून काढीत असे.

ह्या घोडागाडीकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. प्रवास कितीही खडतर असला तरी तो एक अवकाश होता. भाषण संपले होते आणि मजकूर अजून छापला गेला नव्हता. मधल्या त्या काही तासांत अस्पष्ट खूण संदर्भाने लावता येत होती, एखाद्या गावाचे नाव सहकाऱ्याला विचारता येत होते, वाक्याचे तुटलेले टोक जोडता येत होते. १८३७ मध्ये आयझॅक पिटमनने आपली उच्चारानुसारी लघुलिपी प्रसिद्ध केली तेव्हा हा अवकाश अधिकच मोलाचा झाला. ध्वनी तेवढा टिपावा, वर्णलेखन नंतर ठरवावे, अशी सोय त्यात होती. १९०८ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांनी अनेक दिवस मिळून सुमारे एकवीस तास जे भाषण केले, ते आज आपण वाचू शकतो. कारण त्या खटल्याचा शब्दशः वृत्तान्त नरसिंह चिंतामण केळकरांनी ग्रंथरूपाने आणला. न्यायासनासमोर उच्चारलेला शब्द आणि ग्रंथातला शब्द ह्यांच्यामध्ये तेथेही टिपण, लेखन आणि मुद्रण ह्यांचा काळ होता. लघुलेखनाची सारी विश्वासार्हता ह्या मधल्या काळावर उभी होती.

१९१० च्या दशकात अमेरिकेत वॉर्ड स्टोन आयर्लंडने स्टेनोटाइप यंत्राला आजचे वळण दिले. त्यात अवघ्या बावीस कळा आणि आकड्यांसाठी एक पट्टी. डाव्या हाताची बोटे शब्दाचे आरंभीचे व्यंजन दाबतात, अंगठे स्वर आणि उजव्या हाताची बोटे शेवटचे व्यंजन. पेटीवर स्वरांचा मेळ धरावा तशा अनेक कळा एकदम दाबल्या जातात आणि एका दाबात एक अक्षरसमूह, कधी अख्खा शब्द उमटतो. हातांचा वेग वाढला; कागदाच्या अरुंद पट्टीवरील ती चिन्हे नंतर वाचून टंकलिखित करण्याचा अवकाश मात्र कायम राहिला.

तो अवकाश संपवला तो बहिऱ्या वाचकाने. ब्रिटिश खासदार जॅक ॲश्ली १९६६ मध्ये निवडून आले आणि पुढील दोनेक वर्षांत त्यांची श्रवणशक्ती पूर्णपणे गेली. त्यांनी राजकारण सोडले नाही. ओठांच्या हालचालींवरून ते बोलणे ओळखीत. पण भरलेल्या सभागृहात पाठीमागून कोणी बोलू लागले तर ते पुरे पडत नसे. सत्तरच्या दशकात साउथॅम्प्टन विद्यापीठातील ॲलन न्यूएल ह्यांनी पॅलंटाइप ह्या ब्रिटिश लघुलेखनयंत्राला संगणक जोडला आणि सभागृहातील बोलणे ॲश्लींना पडद्यावर वाचता येऊ लागले. यंत्राच्या शब्दकोशात असलेला शब्द नीट अक्षरांत येई. नसलेला शब्द ध्वनींच्या ओबडधोबड रूपात तसाच पुढे येई आणि तो ओळखण्याचे काम वाचणाऱ्याकडे राही. १९८२ मध्ये अमेरिकेतील नॅशनल कॅप्शनिंग इन्स्टिट्यूटने स्टेनोटाइपच्या आधारे दूरचित्रवाणीवरील थेट कार्यक्रमांना कॅप्शन देण्यास आरंभ केला. आता डिकन्सची घोडागाडी उरली नाही. कळ दाबली की शब्द लाखो लोकांसमोर.

आमच्या मते ह्या इतिहासातील निर्णायक वळण हेच. मधला अवकाश नाहीसा झाला, परंतु त्यात होणारे काम नाहीसे झाले नाही. नाव पडताळणे, संदर्भ लावणे, समोच्चारी शब्दांतून योग्य तो निवडणे हे सारे करावेच लागते. ते नंतर करता येत नाही म्हणून आधी करावे लागते. भाषणानंतरची दुरुस्ती भाषणापूर्वीच्या तयारीत स्थलांतरित झाली. कॅप्शनरची पूर्वतयारी म्हणजे अद्याप न झालेल्या चुकांची आगाऊ दुरुस्ती होय.

ही तयारी होते कशी? तिचा पाया म्हणजे प्रत्येक कॅप्शनरचा खाजगी शब्दकोश. कळांच्या कोणत्या मेळाने पडद्यावर कोणता शब्द उमटावा, ह्याच्या हजारो नोंदी त्यात असतात. वर्षानुवर्षे एकेक नोंद घालून तो वाढवलेला असतो, आणि एकाचा कोश दुसऱ्याला सहसा उपयोगी पडत नाही. काम स्वीकारले की त्या कामापुरता एक छोटा कोश वेगळा केला जातो. त्यात वक्त्यांची नावे, संस्थांची नावे, स्थळे, विषयातील पारिभाषिक शब्द आणि संक्षेप येतात. वारंवार येणाऱ्या लांब नावासाठी एका दाबाची खूण आदल्या संध्याकाळीच ठरवून, बोटांना तिची सवय करून घेतात. ती खूण कोशातील दुसऱ्या एखाद्या शब्दाशी भिडत नाही ना, हेही पाहावे लागते. नाहीतर भर सभेत अध्यक्षांच्या नावाऐवजी भलताच शब्द उमटायचा. बोलणारा बदलला हे दाखवण्यासाठी अमेरिकी कॅप्शनमध्ये ओळीच्या आरंभी दोन बाणचिन्हे देतात. वक्त्याचे नाव द्यायचे असेल तर तेही एका दाबात यावे लागते, म्हणून व्यासपीठावर कोण कोणत्या क्रमाने बसणार हे आधी विचारले जाते. सिसेरोने आपले लेखक जागोजागी बसवले, त्यातलाच हा प्रकार.

साहित्याच्या अभ्यासकांना ह्यातील अडचण एका उदाहरणाने पटेल. इंग्रजी कवितेवरील व्याख्यानात जॉन डनचे नाव आले. ते आडनाव आणि 'संपले' अशा अर्थाचे रोजच्या वापरातले इंग्रजी क्रियारूप उच्चाराने अगदी एक आहेत. कोशात डनची सोय आधी केलेली नसेल तर त्या कवीच्या जागी ते क्रियारूप येईल आणि वाक्याचा अर्थच राहणार नाही. वर ज्याची कथा सांगितली त्या पीप्सच्या आडनावाचे वर्णलेखन त्याच्या उच्चारावरून कोणालाही सुचणार नाही. कानाने ही नावे सोडवता येत नाहीत. वाचलेली असावी लागतात. व्यासांची अट येथे शब्दशः लागू होते, फक्त समजून घेण्याची वेळ लिहिण्याच्या क्षणावरून आदल्या दिवसावर गेली आहे. गणेशाला कूटश्लोकापाशी थबकून विचार करता येत होता. कॅप्शनरला तेवढीही सवड नाही.

कामाचा दुसरा भाग अगदी गद्य आहे. प्रत्येक कामाची स्वतंत्र नोंद ठेवायची. तीत दिनांक, वेळ, परगावचे काम असेल तर तेथील घड्याळ, ध्वनी कोठून येणार, तो तुटला तर कोणाला फोन करायचा, हे सारे असते. कोशाची प्रत दुसऱ्या जागी जपून ठेवायची, जादा वायर आणि शक्य तर दुसरे यंत्र जवळ बाळगायचे. काम संपल्यावर त्या दिवशी अडलेले शब्द पाहायचे, टिकाऊ असतील ते मुख्य कोशात घालायचे, घोटाळा करणाऱ्या नोंदी काढून टाकायच्या आणि गोपनीय कागद असतील तर ते नष्ट करायचे. एका कामाची अखेर म्हणजे पुढच्या कामाची तयारी. ज्याचा हात वेगवान पण नोंदी विस्कळीत, त्याची गत रोजनिशीची किल्ली न सापडलेल्या स्मिथसारखी होते.

ह्या व्यवसायाच्या परीक्षा मात्र प्रामुख्याने वेगाच्या राहिल्या. अमेरिकेतील व्यावसायिक लघुलेखकांच्या राष्ट्रीय संघटनेची मूलभूत परीक्षा तीन भागांत होते. मिनिटाला १८० शब्दांचा 'साहित्यिक' मजकूर, २०० शब्दांचे ज्यूरीला उद्देशून केलेले निवेदन आणि २२५ शब्दांची साक्षीतील प्रश्नोत्तरे. प्रत्येकीत ९५ टक्के अचूकता लागते. साहित्यिक मजकुराला सर्वांत कमी वेग ठेवला आहे, ह्यात आमच्या वाचकांनी समाधान मानावे. पण ९५ टक्के ह्या आकड्याचा अर्थही पाहावा. १८० शब्दांत नऊ चुका झाल्या तरी माणूस उत्तीर्ण. त्या नऊ चुका 'आणि', 'परंतु'मध्ये पडल्या तर वाचक त्या सावरून घेईल. त्या नऊ नावांत पडल्या तर व्याख्यानातून हाती काहीच लागणार नाही. टक्केवारी दोन्हींना सारखेच मोजते.

नियमकर्त्यांना हे उशिरा उमगले. अमेरिकेच्या केंद्रीय दळणवळण आयोगाने २०१४ मध्ये दूरचित्रवाणीवरील कॅप्शनच्या गुणवत्तेचे निकष ठरवले, ते अचूकता, समकालिकता, संपूर्णता आणि पडद्यावरील योग्य स्थान असे चार. त्यांच्या जोडीला ज्या उत्तम प्रथा आयोगाने मान्य केल्या, त्यांत कार्यक्रम करणाऱ्यांनी संहिता, व्यक्तींची व स्थळांची नावे, गाण्यांचे शब्द हे कॅप्शनरला आधी पुरवावे, असे नमूद आहे. त्यामुळे पूर्वतयारी ही एकट्या कॅप्शनरच्या कष्टाळूपणाची बाब राहिली नाही. जो बोलणार आहे त्याच्याकडेही तिचा वाटा आला.

तंत्र बदलले तरी हा वाटा चुकत नाही. बीबीसीने २००१ पासून पुनरुच्चाराची रीत वापरात आणली. तीत एक माणूस वक्त्याचे बोलणे ऐकत ते विरामचिन्हांसह सपाट आवाजात पुन्हा बोलतो आणि त्याच्या आवाजाला सरावलेली संगणकप्रणाली ते अक्षरांत आणते. तेथेही नावे प्रणालीला आधी शिकवावी लागतात. आज मध्ये माणूस न ठेवता यंत्रेच कॅप्शन देतात आणि साध्या संभाषणात ती पुष्कळदा चांगली देतात. परंतु अपरिचित नाव आले की यंत्र जवळचा परिचित शब्द उचलते, आणि आपण चुकलो ह्याची जाणीवही देत नाही. पॅलंटाइपचा ओबडधोबड ध्वनी निदान प्रामाणिक होता. येथे काहीतरी अडले आहे, हे तो वाचकाला सांगत असे. म्हणून ह्या नव्या प्रणालींनाही खास शब्दांची यादी पुरवण्याची सोय ठेवावी लागली आहे. यादी करणारा माणूस काही सुटला नाही.

आता आपल्याकडे वळू. अपंग व्यक्तींच्या अधिकारांविषयीच्या २०१६ च्या कायद्याच्या ४२ व्या कलमात दृक्श्राव्य माध्यमांतील कॅप्शनचा उल्लेख आहे. मराठीच्या वर्गात ऐकू न येणारा एखादा विद्यार्थी बसला आणि त्याच्यासमोर, माणसाने वा यंत्राने दिलेले, कॅप्शन असले, तर काय होईल ह्याची कल्पना अध्यापकांनी करून पाहावी. 'केशवसुत' ह्या नावातील 'सुत' म्हणजे पुत्र आणि 'सूत' म्हणजे धागा किंवा सारथी. आपल्या आजच्या बोलण्यात ऱ्हस्वदीर्घाचा हा भेद नीट ऐकू येतोच असे नाही. 'दिन' आणि 'दीन' ह्यांचेही तेच. म्हाइंभट, नागदेव, महदंबा ही नावे महानुभाव साहित्याच्या अभ्यासकाला घरची. अन्य कोणाला ती कानावरून लिहिता येतील काय? मध्येच जुनी ओवी आली, एखादा संस्कृत श्लोक आला, तर लिहिणाऱ्याने काय करावे? ज्यांना ऐकू येते ते विद्यार्थी अशा वेळी शेजारच्याची वही पाहतात अथवा तास संपल्यावर विचारतात. ज्याच्यापुढे फक्त पडदा आहे, त्याला आपल्यासमोर चुकीचे काही आले आहे हेच कळत नाही. तो 'केशवसूत' असे घेऊन घरी जातो आणि परीक्षेत गुण गमावतो. दोष मात्र त्याच्या अभ्यासाला लागतो.

ह्यावरचा उपाय खर्चिक नाही. त्या तासात येणारी पंधरावीस नावे, ग्रंथांची शीर्षके, ज्या ओव्या वा कविता वाचल्या जातील त्यांची संहिता, आणि एकापेक्षा अधिक वक्ते असतील तर त्यांचा क्रम, इतके एका कागदावर आदल्या दिवशी लिहून द्यायचे आहे. हा कागद करताना अध्यापकालाही आपण उद्या नक्की काय बोलणार आहोत ते ठरवावे लागते, हा त्याचा आनुषंगिक लाभ. काही वक्त्यांना अशी यादी मागणे म्हणजे आपल्या उत्स्फूर्ततेवर बंधन वाटते. उत्स्फूर्त बोलण्यास कोणाचाच प्रत्यवाय नाही. यादीबाहेरचे नाव आले तर ते एकदा सावकाश उच्चारावे अथवा फळ्यावर लिहावे, एवढेच.

सिसेरोच्या लेखकांपासून आजपर्यंतच्या ह्या प्रवासात बोलणारा आणि उतरवणारा ह्यांची नावे बहुधा वेगळ्या मापाने राहिली. भाषण केटोचे म्हणून टिकले. लिहिणारे कोण होते, हे प्लुटार्क सांगत नाही. ज्ञानेश्वरीने मात्र आपल्या लेखकाचे नाव ग्रंथात घातले आणि त्याच्या आदराची नोंद केली. जो आपले बोलणे दुसऱ्यापर्यंत अक्षरांनी पोहोचवणार आहे, त्याला आधी विश्वासात घ्यावे, हा संकेत आपल्या परंपरेला नवा नाही. पुढच्या व्याख्यानाच्या आदल्या संध्याकाळी शब्दांची ती यादी करून पाठवणे, हे त्याचे आजचे रूप.